गिऱ्हाईक कोणाचं? हाताचं की अ‍ॅपचं?

सप्टेंबर २०२५ मध्ये अर्बन कंपनीचे शेअर बाजारात आले. घरी माणूस पाठवून फेशियल, व्हॅक्सिंग, साफसफाई, नळदुरुस्ती करून देणारी ही अ‍ॅपवरची कंपनी. सुमारे १९०० कोटी रुपयांचे शेअर विक्रीला होते आणि त्यासाठी शंभरपटीहून जास्त मागणी आली. आता तुम्ही म्हणाल, शेअर बाजाराची बातमी आपल्या पुरवणीत कशाला? तर ती अगदी आपल्या उंबरठ्यावरची बातमी आहे, म्हणून. लोकांनी पैसे मोजले ते काही कात्र्या आणि मेणाच्या भांड्यांसाठी नाही. ‘पार्लरवाल्या ताईंना फोन करते’ असं म्हणणारी बाई आता ‘अ‍ॅपवर बुक करते’ म्हणायला लागली, त्या सवयीची ती किंमत आहे. गिऱ्हाईकाच्या सवयीला एवढा भाव! आणि हीच सवय डोंबिवली, कल्याण, ठाण्यातल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं एका वहीवर आणि एका फोनवर सांभाळत आल्या आहेत.

त्याच वर्षी मार्च महिन्यात या कंपनीनं मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला बाई पाठवायची सेवा सुरू केली. सुरुवातीचा दर जाहीर झाला तासाला ४९ रुपये. नाव होतं ‘इन्स्टा मेड्स’. नावावरून बरीच टीका झाली, तेव्हा ते बदलून ‘इन्स्टा हेल्प’ केलं. दुसऱ्याही कंपन्या या धंद्यात उतरल्या आहेत. पहिल्या दिवसांतले असले दर कायम राहत नाहीत, ते गिऱ्हाईकाला वळवण्यासाठीच असतात, हे आपल्याला कळतं. पण ज्या बाईचं गिऱ्हाईक तेवढ्या दिवसांत वळतं, तिला ते कळून काय उपयोग?

मैत्रिणींनो, तुमच्या गावात अजून यातलं काही पोचलं नसेल. लातूरला, चिपळूणला किंवा जळगावला आजही ‘आमच्या शिंपीणबाई’ असं हक्कानं म्हटलं जात असेल. पण डोंबिवलीत जे आज घडतंय ते चार-पाच वर्षांत तुमच्याकडे येतं, हा पूर्वीचा अनुभव आहे. म्हणून डोंबिवलीचंच उदाहरण नीट पाहू या.

हे शहर धावतं ते लोकलच्या वेळापत्रकावर. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत साडेबारा लाखांच्या आसपास लोक होते. तेव्हापासून पलावासारख्या वसाहती वाढल्या, ठाकुर्ली गच्च भरली. सकाळी साडेसातला घर सोडून रात्री आठला परतणाऱ्या बायकांची संख्या इथे पहिल्यापासूनच मोठी. दोघंही नोकरी करणारे, दोन खोल्यांचा संसार, जायला-यायला तीन तास. त्यातून इथे एक वेगळाच बाजार उभा राहिला. पोळी-भाजी केंद्रं, निवडलेल्या भाज्या, डबे, पाळणाघरं, घरगुती शिकवण्या, घरी येणाऱ्या ब्यूटिशियन, फॉल-बीडिंग करून देणाऱ्या, दिवाळीचा फराळ, उकडीचे मोदक. नोकरदार बाईनं आपलं घरातलं काम दुसरीला दिलं आणि त्या दुसरीचं घर त्यावर चाललं. रामनगर असो, टिळकनगर असो की मानपाडा रोड, कोणत्याही इमारतीखालच्या पाट्या वाचत चला, हे सगळं दिसेल.

या बायकांना आज नवीन भाषेत ‘फ्रीलान्सर’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी नावच नव्हतं. ‘घरच्या घरी काहीतरी करते’ एवढंच म्हणायची पद्धत! त्या ‘काहीतरी’वर मुलांची इंजिनीअरिंगची फी भरली गेली, तरी ते ‘काहीतरी’च राहिलं.

आता प्रश्न असा, की या ‘काहीतरी’चं गिऱ्हाईक टिकतं कशावर? साधारण समज असा, की गोड बोललं आणि थोडं स्वस्तात दिलं की झालं. मला हे पटत नाही. स्वस्ताचं गिऱ्हाईक स्वस्तालाच बांधलेलं असतं. उद्या तासाला ४९ रुपये म्हणणारा आला की ते उठलं. राहिलं गोड बोलणं. ते चांगलंच, पण रात्री आठला पोळ्या संपलेल्या असतील तर गोड बोलण्यानं पोट भरत नाही.

स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्राचंच घ्या ना. गिऱ्हाईक कोण? तर साडेसातची गाडी पकडून, लोंबकळत, आठच्या पुढे डोंबिवलीला उतरलेली बाई. तिला चवीइतकीच खात्री हवी असते, की आज पोळ्या मिळणार. एकदा संपल्या, ती हसून पुढे जाते. दुसऱ्यांदा संपल्या, तेव्हा ती चार दुकानं पलीकडच्या केंद्रात जाते, आणि तिसऱ्या दिवशी थेट तिथेच जाते. भांडत नाही, तक्रार करत नाही, फक्त दिसेनाशी होते. केंद्रवाल्या काकूंना वाटतं, ‘बहुतेक त्यांनी घर बदललं.’ ज्या केंद्रांत आठनंतरच्या गाडीच्या बायकांसाठी नाव लिहून पोळ्या बाजूला ठेवल्या जातात, तिथलं गिऱ्हाईक हलत नाही. यात जादा खर्च काय? एक कागद, एक पेन.

न सांगता खाडा हे गिऱ्हाईक तुटण्याचं दुसरं मोठं कारण. मे महिन्यात गावी जायचंय, गौरी-गणपतीत सुट्टी हवीय, सूनबाईचं बाळंतपण आहे. हे सगळं बाईच्या आयुष्यात असणारच. गिऱ्हाईकही बहुधा बाईच असते, तिला ते कळतं. पण आठ दिवस आधी सांगितलं तर कळतं. सकाळी सव्वासातला ‘आज डबा नाही हं’ असा निरोप आला तर तिचा अख्खा दिवस कोसळतो आणि त्या दिवसाची आठवण तिच्या डोक्यातून पुढे वर्षभर जात नाही.

दरवाढीचं तर बोलायलाच नको. आपल्या बायकांना दर वाढवायची इतकी भीती वाटते! तेल महागलं, गॅस महागला, पिठाचे भाव वाढले, तरी ‘गिऱ्हाईक जाईल’ म्हणून दर तोच. मग काय होतं? पोळी हळूहळू लहान होते. भाजीत रस्सा वाढतो. फेशियलमध्ये क्रीम जरा कमी पडतं. आणि बाई समजते, कुणाच्या लक्षात येणार नाही. अहो, ज्या बाईनं वीस वर्षं स्वतः पोळ्या लाटल्या, तिला पोळी हातात घेताच कळतं! उघड वाढवलेला एक रुपया गिऱ्हाईक चार दिवस कुरकुर करून देतं. गुपचूप लहान केलेली पोळी मात्र विश्वासावर बेतते. दिवाळीच्या आधी महिनाभर पाटी लावावी, ‘एक तारखेपासून पोळीचा दर अमुक’, आणि त्यावर माफी मागत बसू नये. अंगणवाडी सेविका मानधन वाढवून मागतात, बँकेतले कर्मचारी पगारवाढ मागतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. घरी काम करणारीनंच तेवढी लाज का बाळगायची?

आणि उधारी! ‘घरचीच आहेस, पुढच्या वेळी देते’ हे वाक्य ज्या बाईनं ऐकलं नाही ती या धंद्यात नवीन समजावी. उधारीनं गिऱ्हाईक बांधलं जातं असा एक जुना समज आहे. किराणा दुकानदाराच्या बाबतीत तो खराही असेल, कारण त्याच्याकडे रोज जावंच लागतं. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईकडे रोज जावं लागत नाही. तिचे आठशे रुपये थकले की गिऱ्हाईक तोंड चुकवायला लागतं. जिन्यात दिसली तर लिफ्टनं जातं. पुढचे ब्लाऊज दुसरीकडे शिवतं, कारण पहिलीकडे गेलं तर मागची बाकी निघेल! म्हणजे पैसेही गेले आणि माणूसही. २०१६ साली यूपीआय सुरू झालं आणि आता भाजीवालीकडेही ते चौकोनी चित्र लटकलेलं असतं, तेव्हा ‘सुट्टे नाहीत’ हे कारण उरलेलं नाही. काम झालं की फोन पुढे करायचा. यात उद्धटपणा काही नाही.

एक गोष्ट मात्र पैशात मोजता येत नाही. घरोघर जाऊन थ्रेडिंग करणारी, मालिश करणारी, स्वयंपाक करणारी बाई किती घरांच्या आत वावरते! कुणाच्या घरी सासू-सून बोलत नाहीत, कुणाचा नवरा नोकरी सोडून बसलाय, कुणाच्या मुलीला स्थळ येऊन गेलं, सगळं तिला दिसतं. ज्या बाईकडून दुसऱ्या घरची बातमी मिळते तिच्याशी गप्पा रंगतात खऱ्या, पण ऐकणारीच्या मनात लगेच येतं, आपल्याबद्दलही ही असंच सांगत असणार. पोटात ठेवणाऱ्या बाईला लोक दहा-दहा वर्षं सोडत नाहीत. मुलीच्या लग्नाला बोलावतात, आहेर करतात. हे कुठल्या अ‍ॅपला जमणार?

पण अ‍ॅपला जे जमतं तेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. दर आधी कळतो. वेळ ठरवून मिळते. घासाघीस नाही. माणूस आला नाही तर दुसरा येतो किंवा पैसे परत मिळतात. नवीन सोसायटीत राहायला आलेल्या, कुणाला न ओळखणाऱ्या तरुण जोडप्याला हे सोयीचं वाटणारच. घोडबंदर रोडच्या तीस मजली इमारतीत शेजारच्या दारावरचं नावही माहीत नसतं, तिथे ‘आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत’ असं कोण कोणाला सांगणार? पूर्वी चाळीत, वाड्यात, दोन मजली इमारतीत तोंडी जाहिरात आपोआप व्हायची. ती जागा आता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनं घेतली आहे. तिथे कुणी ‘चांगली पार्लरवाली सुचवा’ असं टाकलं आणि चार जणींनी एकच नाव लिहिलं, तर त्याला तोड नाही. फक्त त्या चौघींनी लिहायला हवं, आणि त्यासाठी ‘जमलं तर ग्रुपवर दोन ओळी लिहा हं’ असं त्यांना सांगायला हवं. हे सांगायला आपल्या बायका संकोचतात.

मग अ‍ॅपमध्येच नाव नोंदवलं तर? बऱ्याच जणींनी नोंदवलं आहे. काम मिळतं, प्रशिक्षण मिळतं, पैसे बँकेत येतात. ज्यांना गिऱ्हाईक जोडायला वेळ नाही किंवा गाव नवीन आहे, त्यांना ते उपयोगीही पडतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तिथलं गिऱ्हाईक तुमचं नसतं. फोन लावायचा तो अ‍ॅपमधून, खरा नंबर दिसत नाही. परस्पर काम घ्यायला मनाई. कामातून कंपनीचा वाटा कापला जातो. आणि मुख्य म्हणजे दिलेले तारे! ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्लीजवळच्या गुरुग्राममध्ये याच कंपनीच्या ब्यूटिशियन बायका कंपनीच्या कार्यालयासमोर धरणं धरून बसल्या होत्या. कंपनीचा वाटा फार आहे, दंड फार आहेत, ताऱ्यांवरून काम अडतं, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. कंपनीनं त्यानंतर काही सवलती जाहीर केल्या. डिसेंबरमध्ये पुन्हा आंदोलन झालं तेव्हा मात्र कंपनी आंदोलकांविरुद्ध न्यायालयात गेली. ‘ही आमची भागीदार आहे’ असं कंपनी म्हणते, त्या भागीदारीत गिऱ्हाईकाची यादी कोणाकडे राहते हे त्यातून दिसलं.

विचार करा, एखादीनं पाच वर्षं अ‍ॅपवर काम केलं, शेकडो घरी जाऊन आली, आणि उद्या तिचं खातं बंद झालं. तिच्याकडे काय उरलं? एक नाव नाही, एक नंबर नाही. त्याउलट, डोंबिवलीतल्या एखाद्या शिंपीणबाईंची मापाची वही काढून बघा. शेवटचं माप कधी घेतलं, गळा मागे किती खोल, ‘डावा खांदा किंचित उतरता’, ‘बाहीला अर्धा इंच सोडणे’. ती वही म्हणजे शंभर-सव्वाशे बायकांचं मोजलेलं, लिहून ठेवलेलं नातं आहे. मापाचा ब्लाऊज न देता नवीन शिवून मिळतो, हे सुख ज्या गिऱ्हाईकाला आहे ती का जाईल दुसरीकडे? अ‍ॅप तरी वेगळं काय करतं? तेही वहीच लिहितं. कोणी कधी काय घेतलं, पुन्हा कधी लागेल. फक्त ती वही कंपनीची असते.

म्हणून डबे देणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या, सगळ्या जणींना माझं एकच आग्रहाचं सांगणं असतं, वही घाला. कोणाला तिखट चालत नाही, कोणाचा गुरुवार असतो, कोणाच्या मुलाची परीक्षा कधी, कोणाच्या घरी फराळाला चकली किती किलो गेली. ऑगस्टअखेर ती यादी काढून ‘मागच्या वर्षी दोन किलो चकली, एक किलो अनारसे घेतले होते, यंदा किती धरू?’ असा निरोप पाठवून पाहा. फोनवरच्या नावांवर भिस्त ठेवू नका, फोन लोकलमध्ये चोरीला जातो.

इथपर्यंत वाचून वाटेल, की गिऱ्हाईक घट्ट धरून ठेवलं की झालं. पण तेवढ्यानं भागत नाही, हे मुंबईच्या गिरणगावानं एकदा दाखवून दिलं आहे, आणि कल्याण-डोंबिवलीत आज राहणाऱ्या अनेक घरांचं मूळ त्याच गिरणगावात आहे. लालबाग-परळच्या चाळींत खाणावळ चालवणाऱ्या बायका होत्या. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे महिन्याच्या बोलीनं जेवत. पगार झाला की पैसे मिळत. तोवर वाणसामान उधारीवर आणि वरखर्चाला सावकाराचं व्याज. गिऱ्हाईक म्हणाल तर इतकं पक्कं, की तीच बाई, तीच पाळी, तेच ताट, वर्षानुवर्षं. त्याच बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवायला १९७५ साली कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. पहिल्या १४ जणींना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ज्या बायकांकडे तारण म्हणून काही नव्हतं त्यांनी एकमेकींची हमी घेतली. त्यांचं तारण म्हणजे त्यांच्या पंगतीला बसणारे कामगार, असंच म्हणायचं!

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. संप लांबला. पगार बंद. कामगार गावी निघून गेले, जे राहिले त्यांना खाणावळीचे पैसे देता येईनात. कुणी बेइमानी केली नव्हती. स्वयंपाकाची चव बिघडली नव्हती. तरीही गिऱ्हाईक गेलं, कारण सगळं गिऱ्हाईक एकाच भोंग्यावर जेवायला येत होतं. अन्नपूर्णा मंडळ टिकलं, त्याचं एक कारण म्हणजे ते कामगारांच्या ताटापुरतं थांबलं नाही. इतर ग्राहकांसाठी स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेऊ लागलं.

२०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा डोंबिवलीत तेच चित्र थोड्या वेगळ्या रंगात दिसलं. लोकल थांबली आणि लोकलवर जगणारं पोळी-भाजी केंद्र थांबलं. ज्यांची सगळी घरं ऑफिसला जाणाऱ्यांची होती त्यांच्याकडे एकही ऑर्डर उरली नाही. ज्यांच्याकडे इमारतीतले चार एकटे आजी-आजोबा डबा घेत होते, त्यांची चूल निदान पेटती राहिली. आपली दहा गिऱ्हाइकं एकाच सोसायटीतली, एकाच कंपनीतली, एकाच शाळेतली आहेत का, हे वर्षातून एकदा वही उघडून बघायला हवं. शिकवणी घेणाऱ्यांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. एका शाळेच्या मुलांवर क्लास चालतो, आणि त्या शाळेनं बोर्ड बदललं की जूनमध्ये सतरंजी रिकामी.

डबेवाल्यांचं नाव या संदर्भात नेहमी निघतं. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या कामाचं कौतुक परदेशातल्या विद्यापीठांनीही केलं. बहुतेक जण कौतुक करतात ते डब्यावरच्या खुणांचं. मला वाटतं, खरी गोम गटात आहे. एक जण आजारी पडला तर त्याची लाइन दुसरा उचलतो, गिऱ्हाईकाला पत्ताही लागत नाही. एकट्यादुकट्या बाईला हे जमत नाही म्हणून तर अ‍ॅपचं फावतं! मग दोघी-तिघींनी मिळून का जमवू नये? शेजारच्या गल्लीतली ब्यूटिशियन आपली स्पर्धक आहे हे खरं. पण लग्नसराईत एकाच मुहूर्तावर तीन नवऱ्या आल्या तर दोन कामं तिला द्यायची, आपण गावी गेलो तर नेमानं येणाऱ्या बायका तिच्याकडे पाठवायच्या, आणि तिनंही तसंच करायचं. ‘ती माझं गिऱ्हाईक पळवेल’ ही भीती असतेच. ती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण आपण नाही म्हणून गिऱ्हाईक अ‍ॅपवर गेलं तर ते परत यायची शक्यता फार कमी, मैत्रिणीकडे गेलं तर निदान मागता येतं.

आता थोडं कायद्याचं. पार्लरमध्ये नोकरीला लागताना मालकीणबाई कागदावर सही घेतात, ‘नोकरी सोडल्यावर या भागात दोन वर्षं पार्लर काढणार नाही, इथल्या गिऱ्हाइकांचं काम करणार नाही.’ मुली घाबरून सही करतात आणि पुढे घाबरूनच बसून राहतात. भारतीय करार कायदा १८७२ मधलं कलम २७ सांगतं, की कुणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द समजावा. त्यामुळे नोकरी सोडल्यानंतरच्या असल्या अटी सहसा टिकत नाहीत. नोकरीत असताना बाहेर काम न करण्याची अट वेगळी, आणि मालकिणीच्या वहीचे फोटो काढून नेणं तर त्याहून वेगळं. ते चुकीचंच, त्यात अडकायलाही होतं. पण गिऱ्हाईक आपणहून शोधत आलं, तर त्याला परत पाठवायची सक्ती नाही.

दुसरी बातमी गेल्या काही महिन्यांतली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अ‍ॅपवर काम करणाऱ्यांचा पहिल्यांदाच उल्लेख आला. अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षा निधीला द्यायची, मात्र ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही, अशी ती तरतूद आहे. चांगली गोष्ट झाली. पण वहीवाल्या बाईचं काय? ती या संहितेत असंघटित कामगारांमध्ये मोडते, कारण स्वतःचा धंदा करणाऱ्यांचा आणि घरी बसून काम करणाऱ्यांचा त्यात समावेश आहे. तिच्यासाठी कोणती कंपनी पैसे भरणार नाही हे उघड आहे, सरकारी योजनांवरच भिस्त. त्यासाठी निदान ई-श्रमवर आणि उद्यमवर नाव असलं पाहिजे. दोन्ही नोंदण्या फुकट आहेत, एजंटला पैसे देऊ नका. ज्या जणी कंपन्यांसाठी भाषांतर, डीटीपी किंवा शिवणकाम करतात त्यांना उद्यमचा आणखी एक फायदा. नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं बंधन २००६ च्या कायद्यानं घातलं आहे, उशीर झाला तर व्याज लागतं. जुनं गिऱ्हाईक म्हणून तगादा लावायला जीभ रेटत नसेल, तर बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘४५ दिवसांत’ हे शब्द छापून टाका. बिल बोलेल, तुम्हाला बोलायला नको.

त्याच कलम २७ मध्ये एक अपवादही आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या धंद्याचं नाव आणि पत कुणी दुसऱ्याला विकली, तर ‘मी ठरलेल्या हद्दीत पुन्हा तोच धंदा करणार नाही’ असा करार मात्र चालतो. म्हणजे जमवलेलं गिऱ्हाईक ही विकता येणारी मालमत्ता आहे, हे कायदा दीडशे वर्षांपासून मानत आला आहे. डोंबिवलीत दरवर्षी कितीतरी काकू गुडघे दुखतात म्हणून किंवा मुलाकडे पुण्याला राहायला जायचं म्हणून केंद्र बंद करतात. घेणारी नवी मुलगी येते. शेगडीचा भाव ठरतो, परातींचा ठरतो, फ्रीज जुना आहे म्हणून दोन हजार कमी होतात. मग काकू वही तिच्या हातात देतात, महिनाभर तिच्याबरोबर उभ्या राहतात, ‘ही माझ्या जागी हं, पोळी माझ्यासारखीच करते’ असं एकेका गिऱ्हाईकाला सांगतात. त्या वहीतल्या दीडशे घरांचा भाव ना नवी मुलगी विचारते, ना काकू सांगतात.